पाळीव पक्ष्यांची अंघोळ आणि पिसांची निगा : इंदूरच्या हवामानात काय, केव्हा आणि कसे

इंदूरच्या सदनिकांमध्ये बजरीगर किंवा कॉकाटिएल असे लहान विदेशी पोपट पाळणारी मराठी घरे आता पुष्कळ आहेत. पिंजरा, दाणे, समुद्रफेण आणि झोका यांची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नीट असते, पाण्याची मात्र पिण्यापुरतीच असते. मग पिसे निस्तेज दिसू लागली की एखाद्या रविवारी पक्ष्याला मुठीत धरून नळाखाली साबणाने धुतले जाते आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत कुडकुडत बसतो. अंघोळ ही पक्ष्याला घालायची गोष्ट आहे, या समजुतीतून हा प्रकार घडतो. निरोगी पक्षी अंघोळ स्वतः करतो. त्याच्या जातीला ओळखीचे वाटेल अशा रूपात स्वच्छ पाणी योग्य वेळी समोर ठेवणे आणि नंतर त्याला निर्वेधपणे वाळू देणे, एवढेच पाळणाऱ्याचे काम आहे. ते दिसायला सोपे असले तरी त्यात बारकावे बरेच आहेत.

पाण्याने पिसांचे नेमके काय होते

आपली नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनापासून बनतात, त्याच वर्गातल्या प्रथिनाची पिसे असतात. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना तिरपे तंतू फुटलेले असतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू असतात आणि उपतंतूंवर सूक्ष्म आकडे असतात. हे आकडे शेजारच्या तंतूत अडकले की पिसाचा पृष्ठभाग सलग होतो, आणि सुटले की पीस उसवलेले दिसते. पक्षी चोचीने पीस बुडापासून टोकापर्यंत ओढतो तेव्हा तो हे आकडे पिशवीची चेन लावावी तसे पुन्हा जुळवत असतो. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूला, बहुतेक पक्ष्यांना एक लहान तैलग्रंथी असते. तिच्यातले तेल चोचीने आणि डोक्याने घेऊन पक्षी ते अंगभर लावतो, आणि त्यामुळे पिसे लवचिक राहतात. अॅमेझॉन जातीच्या पोपटांना मात्र ही ग्रंथी नसते, म्हणून तसा पक्षी शेपटीच्या मुळाशी चोच नेत नसेल तर काळजीचे कारण नाही.

पाणी या व्यवस्थेला तीन प्रकारे मदत करते. पिसांवरची धूळ आणि जुन्या तेलाला चिकटलेला मळ त्याने सैल होतो. पिसे झडून नवी येण्याच्या काळात डोक्यावर आणि मानेवर कुसळांसारखी जी कोवळी पिसे उगवतात, त्यांच्यावरचे मेणचट आवरण ओलाव्याने मऊ होते, चोचीने किंवा दांडीवर घासून ते सहज सुटते आणि पक्ष्याची खाज कमी होते. तिसरा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. ओला झालेला पक्षी एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि जास्त काळजीने पिसे विंचरतो. म्हणजे पिसांची खरी सफाई पक्ष्याची चोच करते आणि पाणी तिला कामाला लावते.

कॉकाटिएल, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे (करडा आफ्रिकी पोपट) यांच्या अंगावर एक प्रकारची पिसे सतत झिजून त्यांची पांढरी पूड होत असते. या पक्ष्यांनी अंघोळ केल्यावर पाण्यावर पिठासारखा तवंग येतो, आणि पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. तो आजार नसतो, उलट पूड भरपूर असणे हे या जातींमध्ये चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे. ही पूड घरातल्या दम्याच्या किंवा अॅलर्जीच्या रुग्णाला त्रास देते, म्हणून अशा घरात या पक्ष्यांची नियमित अंघोळ माणसांच्याही सोयीची ठरते.

साबण, शाम्पू, लहान मुलांचा सौम्य शाम्पू, जंतुनाशकाचे थेंब, कडुनिंबाचा काढा, हळदीचे पाणी यांपैकी कशाचीही गरज नसते. साबण पिसांवरचे तेल काढून टाकतो, आणि पिसांत जे काही उरते ते पक्षी विंचरताना गिळतो. तीच गोष्ट पिसांना चमक आणणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांची. त्या पैशांत पालक आणि गाजरे आणली तर पिसांना जास्त उपयोग होईल, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण केवळ राळे आणि बाजरीवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्याची त्वचा आणि पिसे आतूनच खालावतात. पिसे झडण्याच्या दिवसांत उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा किंवा मोड आलेले मूग यांनी प्रथिनांची गरज भागते.

कोणत्या पक्ष्याला पाणी कोणत्या रूपात द्यावे

बजरीगर, ज्याला आपल्याकडे दुकानांत सर्रास लव्हबर्ड म्हणतात, तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे तो दवाने किंवा पावसाने भिजलेल्या गवतात अंग घासून ओला होतो. त्यामुळे पाण्याने भरलेल्या वाडग्याकडे पाहून तो पळाला तर त्यात नवल नाही. त्याच्यासाठी उत्तम साधन आपल्या स्वयंपाकघरातच असते. कोथिंबिरीची किंवा मेथीची एक जुडी तीन-चार पाण्यांनी धुऊन, पाणी न झटकता, पिंजऱ्याच्या तळाशी ताटलीत सैल पसरून ठेवावी किंवा दांडीजवळ जाळीला अडकवावी. पक्षी आधी एखादे पान कुरतडतो, मग मान तिरकी करून गाल त्या ओल्या पाल्यावर घासतो, आणि थोड्या वेळाने छाती टेकवून, पंख अर्धवट उघडून, पाल्यात अक्षरशः लोळू लागतो. डोक्यावरची पिसे चिकटून तो क्षणभर निम्म्या आकाराचा दिसतो. भाजी फवारणीची असू शकते, म्हणून धुण्यात कसूर करू नये, आणि तास-दीड तासाने उरलेला पाला काढून टाकावा.

कॉकाटिएलला बहुधा वरून पडणारी बारीक सर आवडते. फवारा अंगावर येऊ लागला की तुरा ताठ करून, दोन्ही पंख फाकून, शेपटी पसरून तो थांबतो, आणि काही पक्षी तर दांडीला उलटे लटकून पोटाकडची बाजूही भिजवून घेतात. कोन्यूर, मकाव आणि आफ्रिकन ग्रे या पोपटांनाही फवारा किंवा शॉवरची हलकी धार चालते, आणि या मोठ्या पक्ष्यांना उन्हाळ्यात रोज भिजवले तरी हरकत नसते. झेब्रा फिंच, जावा आणि कॅनरी हे चिमणीसारखे लहान पक्षी ताटलीतल्या पाण्याचे शौकीन आहेत. त्यांना रोज पाणी द्यावे, कारण जेमतेम १२ ग्रॅम वजनाची झेब्रा फिंचसुद्धा ताटली समोर आली की लगेच उतरते. आफ्रिकन लव्हबर्डचा स्वभाव मधला असतो, आणि त्यांतले पुष्कळ पक्षी पिण्याच्या वाटीतच डोके बुचकळतात. कबुतरांना आठवड्यातून एकदा-दोनदा मोठ्या परातीत किंवा टबात १० सेंटिमीटरपर्यंत पाणी ठेवावे. लाव्ह्यांना (जपानी बटेर) आणि कोंबड्यांना मात्र पाण्याने भिजवू नये. ते धूळस्नान करतात, तेव्हा त्यांच्यासाठी कोरडी, चाळलेली वाळू आणि माती पसरट खोक्यात भरून ठेवणे योग्य.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या झाडांवर दिसणारा हिरवा पोपट, मोठा राघू आणि मुनिया हे देशी पक्षी वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार घरात पाळता येत नाहीत. आफ्रिकन ग्रेसारखे काही विदेशी पक्षी पाळता येतात, पण त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. या लेखातील सूचना विदेशी पाळीव पक्ष्यांपुरत्या आहेत.

माळव्यातली हवा आणि अंघोळीची वेळ

अंघोळ सकाळची असावी, कारण रात्री पक्षी ओला राहता कामा नये. पिसांमध्ये अडकलेली हवा त्याला ऊब देते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि ३०-४० ग्रॅमच्या बजरीगरला ते टिकवण्यासाठी त्या हवेचाच आधार असतो. पिसे भिजली की हा आधार काही काळ नाहीसा होतो. म्हणून सूर्यास्ताच्या किमान चार-पाच तास आधी पक्षी पूर्ण कोरडा होईल असा हिशेब ठेवावा.

इंदूरचा उन्हाळा कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू वाहते, आणि त्या हवेत पिसे ठिसूळ होऊन त्यांची टोके तुटतात. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून दूर धरतो. या दिवसांत सकाळी आठ-नऊच्या सुमारास रोज किंवा एक दिवसाआड पाणी द्यावे. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार होते, तेव्हा दिवसभराच्या उकाड्याने कळवळून संध्याकाळी फवारा मारण्याचा मोह टाळलेला बरा. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला सावलीत आणून पायांवर आणि पंखांखाली किंचित पाणी लावणे हा प्राथमिक उपचार झाला, ती अंघोळ नव्हे. कूलरच्या झोतात ओला पक्षी कधीही ठेवू नये, आणि कूलरच्या टाकीतले साचलेले पाणी अंघोळीसाठी तर मुळीच वापरू नये.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, हवा दमट असल्याने पिसे वाळायला फार वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा, उघडीप पाहून पाणी द्यावे. थंडीत इंदूरकरांच्या मनात पक्ष्याबद्दल इतकी दया दाटून येते की तीन-तीन महिने अंघोळ बंद असते, आणि ती दया चुकीची आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान १० अंशांखाली जाते हे खरे, परंतु अकरा-साडेअकराला गच्चीत चांगले ऊन असते. त्या वेळी खिडक्या बंद करून आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी दिल्यास निरोगी पक्ष्याला काही होत नाही.

पाण्याबद्दलही स्थानिक परिस्थिती लक्षात घ्यावी. जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी बहुतेक वस्त्यांत रोज येत नाही, ते गच्चीवरच्या टाकीत साठवावे लागते. मे महिन्यात दुपारी त्या टाकीतले पाणी हात पोळेल इतके तापते आणि जानेवारीत सकाळी ते बर्फासारखे गार असते. त्यामुळे नळाचे पाणी थेट न देता तासभर घरात भांड्यात ठेवून, हाताला ना गरम ना गार लागेल असे झाल्यावर द्यावे. थंडीत ते किंचित कोमट केले तर चालते, मात्र गरम पाणी पिसांवरचे तेल उतरवते. बोरिंगचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, आणि ताटली वाळल्यावर कडेला पांढरा क्षार उरला तर ते ओळखता येते. शक्य असेल तेथे पिण्याचेच पाणी अंघोळीला वापरावे. पक्षी त्यातले थोडे पितोच, तेव्हा हा नियम सर्वांत सुरक्षित आहे.

प्रत्यक्ष अंघोळ : क्रमाने

सुरुवात खोलीपासून करावी. छताचा पंखा बंद करावा, कारण ओला पक्षी अवजड होतो, त्याचे उड्डाण चुकते आणि फिरत्या पंख्याने होणारे अपघात जीवघेणे असतात. खिडक्या आणि गॅलरीचे दार लावावे. गॅलरीत पिंजरा असेल तर तो आत घ्यावा, कारण ओल्या आणि जड झालेल्या पक्ष्यावर मांजर, कावळा किंवा शिक्रा टपलेला असू शकतो. त्या खोलीत उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल यांपैकी काही जळत नसावे. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असल्याने आपल्याला जेमतेम जाणवणारा धूरही त्यांना बाधतो.

नंतर भांडे निवडावे. कुंडीखाली ठेवायची मातीची नवी, पसरट बशी मला सर्वांत योग्य वाटते. तिचा तळ खरखरीत असल्याने पाय घसरत नाही आणि वजनामुळे ती कलंडत नाही. स्टीलची ताटली वापरायची असेल तर तळाशी धुतलेला नॅपकिन किंवा काही गोटे ठेवावेत, कारण एकदा पाय घसरला की लहान पक्षी पुढे कित्येक दिवस त्या भांड्याकडे फिरकत नाही. बजरीगर आणि फिंचसाठी पाण्याची खोली १ ते २ सेंटिमीटर, कॉकाटिएलसाठी ३ सेंटिमीटरच्या आसपास पुरे. पाणी पक्ष्याच्या पोटापर्यंतही पोहोचू नये, त्याला खाली वाकून ते अंगावर उडवता आले पाहिजे.

बशी पिंजऱ्यात ठेवताना ती दांडीच्या बरोबर खाली येणार नाही हे पाहावे, नाहीतर पाण्यात पहिल्यांदा पडते ती विष्ठा. पिंजऱ्याच्या तळाचा कागद बदलून ठेवावा आणि दाण्यांची वाटी बाहेर काढावी. भिजलेले दाणे पावसाळ्यात काही तासांत कुबट होतात आणि त्यांवर बुरशी धरते. पिण्याच्या पाण्याची वाटी मात्र जागेवरच असू द्यावी.

आता दूर व्हावे, हातपाय न हलवता चार-पाच फुटांवर बसावे. पक्षी प्रथम काठावर येऊन चोच बुडवतो, डोके झटकतो, मागे जातो, पुन्हा येतो. मग डोके पूर्ण बुचकळून पाणी पाठीवर उडवतो, छाती टेकवतो, पंख फडफडवतो आणि शेवटी शेपटी आपटतो. मध्येच दांडीवर जाऊन अंग झटकून तो परत उतरू शकतो. हे सगळे दोन मिनिटांत आटपू शकते किंवा दहा मिनिटे चालू शकते. कधी संपवायचे हे पक्षी ठरवतो. अर्ध्या तासाने, पक्षी उतरला असो वा नसो, बशी काढून घ्यावी, कारण त्यानंतर ते घाण पाणी पिण्याचीच शक्यता जास्त असते.

फवारा द्यायचा असेल तर बाटली नवी असावी. कीटकनाशक किंवा काच पुसण्याचे द्रव ज्यात कधीकाळी होते ती बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. तोंड फिरवून सर्वांत बारीक तुषार निघतील असे करावे. दोन-अडीच फुटांवरून बाटली पक्ष्याच्या डोक्यापेक्षा उंच धरून तुषार वर हवेत सोडावेत, म्हणजे ते पावसासारखे खाली येतात. चेहऱ्यावर नेम धरून मारलेली धार पक्ष्याला हल्ला वाटते, आणि एकदा तसे वाटले की पुढे बाटली पाहूनच तो आदळआपट करतो. चार-पाच फवाऱ्यांनंतर थांबून पाहावे. पंख उघडत असतील, तुरा उभा असेल, तो तुषारांकडे वळत असेल तर पुढे चालू ठेवावे, आणि अंग आवळून, डोळे मोठे करून जाळीच्या दुसऱ्या टोकाला चिकटला तर त्या दिवसापुरते थांबावे. बाटलीत उरलेले पाणी रोज ओतून ती उलटी वाळत ठेवावी. साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर ते थेट पक्ष्याच्या श्वासात जातात.

काही कॉकाटिएल आणि कोन्यूर बेसिनच्या नळाखाली येऊन स्वतःहून भिजतात. तेथे धार पेन्सिलीहून जाड नसावी, गीझरचा नळ पूर्ण बंद असल्याची खात्री करावी आणि कमोडचे झाकण लावलेले असावे. स्वयंपाकघराचे बेसिन टाळावे. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. शिवाय पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेला असेल तर फोडणीचा तेलकट धूर पिसांवर बसून त्यांवर धूळ चिकटते, आणि कितीही पाणी दिले तरी ती पिसे मळकट दिसत राहतात. अशा पक्ष्याची अंघोळ वाढवण्याआधी पिंजऱ्याची जागा बदलावी.

वाळवणे

बहुतेक बिघाड या टप्प्यावर होतात. पक्षी भिजला की आपल्याला त्याला टॉवेलने पुसावेसे वाटते, पण पुसल्याने पिसांचे आकडे उलटे ओढले जातात आणि कोवळी पिसे मोडतात. कोवळ्या पिसाच्या दांड्यात रक्त असते. ते मोडून रक्त आले तर स्वच्छ कापसाने हलका दाब द्यावा, वर कॉर्नफ्लोअर लावावे आणि रक्त थांबले नाही तर पशुवैद्याकडे न्यावे. माणसाळलेला मोठा पक्षी टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त पाणी टिपून घेऊ देत असेल तर हरकत नाही, पण लहान पक्ष्याला हातच लावू नये.

हेअर ड्रायर वापरू नये असे मी निक्षून सांगतो. काही ड्रायरच्या आतल्या भागांवर नॉनस्टिक भांड्यांसारखाच लेप असतो आणि त्याचा धोका वर सांगितला आहे. याशिवाय गरम झोताने त्वचा भाजते आणि पिसे पुन्हा कोरडी पडतात. ऊन हेच साधन पुरेसे आहे. पिंजऱ्याचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत येईल असा तो ठेवावा, म्हणजे पक्षी आपली जागा निवडतो. मे महिन्यात मात्र आठ-साडेआठनंतरचे थेट ऊनही नको, त्या दिवसांत घरातली हवाच त्याला झपाट्याने वाळवते. थंडीत किंवा पावसाळी दिवशी पिंजऱ्यापासून दोन-तीन फुटांवर ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब एका बाजूला लावता येतो. पक्ष्याला त्यापासून दूर जाता येईल इतकी जागा पिंजऱ्यात असली पाहिजे.

बजरीगर तास-दीड तासात वाळतो, कॉकाटिएलला थोडा जास्त वेळ लागतो. या काळात तो अंग झटकेल, शेपटीच्या मुळाशी डोके घासेल, मग एकेक पीस चोचीतून ओढेल आणि शेवटी एक पाय वर घेऊन झोपेल. तेव्हा त्याला उचलू नये, पाहुण्यांना दाखवू नये, आणि घरातल्या लहान मुलांनाही लांब ठेवावे. दोन तासांनंतरही पिसे फुगवून, डोळे मिटून, दोन्ही पायांवर दबून तो बसला असेल आणि शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत असेल, तर ते गारठल्याचे किंवा आजाराचे लक्षण समजून त्याला ऊब द्यावी आणि पशुवैद्याशी बोलावे.

पाण्याला घाबरणारा पक्षी

नव्या घरी आलेल्या पक्ष्याला पहिले दहा-पंधरा दिवस अंघोळीचा आग्रह करू नये. तो नीट खाऊ लागला की रिकामी बशी पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी ठेवावी. काही दिवसांनी ती आत ठेवावी, त्यात दोन-चार आवडीचे दाणे टाकावेत. मग तळ जेमतेम ओला होईल इतके पाणी घालून त्यात पालकाचे पान ठेवावे. बजरीगरच्या बाबतीत ओला पाला हा या सगळ्याचा जवळचा मार्ग आहे. दोन पक्षी असतील तर त्यांतला धीट आधी उतरतो आणि दुसरा त्याचे पाहून शिकतो. नळ वाहण्याचा किंवा मिक्सरचा आवाज ऐकून काही पक्षी पंख फुलवू लागतात, ती वेळ साधून बशी पुढे करावी. काही पक्षी वर्षभरात चार वेळाही उतरत नाहीत. अशा पक्ष्याला कोरड्या दिवसांत एक दिवसाआड अगदी हलका तुषार दूरून दिला की पुरते. मुठीत धरून पाण्यात बुडवण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नये. छाती दाबली गेली तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही, कारण त्याचा श्वास छातीचे हाड पुढेमागे हलण्यावर अवलंबून असतो.

पाणी केव्हा देऊ नये, आणि अडचणीचे प्रसंग

शिंका, नाकातून पाणी, सैल विष्ठा, जखम किंवा ताज्या शस्त्रक्रियेचा टाका असताना अंघोळ थांबवावी. अंगावर पिसे न आलेल्या पिल्लांना भिजवू नये. अंड्यांवर बसलेल्या मादीला मात्र पाणी उपलब्ध ठेवावे, ती स्वतःच्या सोयीने छाती ओली करून घरट्यात जाते आणि माळव्याच्या कोरड्या हवेत त्या ओलाव्याचा अंड्यांना उपयोग होतो.

रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा टँकरमधून उडणारे रंगीत पाणी आणि यंत्रांनी उधळलेला गुलाल वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचतो. इमली बाजार, खजुरी बाजार किंवा आसपास राहणाऱ्यांनी आदल्या रात्रीच पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, खिडक्या लावाव्यात आणि वर पातळ सुती कापड टाकावे. तरीही पिसांवर कोरडा रंग बसला तर चोळू नये. पक्ष्याला आधी एकदोनदा अंग झटकू द्यावे, नंतर कोमट पाण्याचे हलके तुषार थांबत थांबत देऊन रंग ओघळू द्यावा आणि तळाचा कागद लगेच बदलावा, कारण रंग पोटात जातो तो विंचरतानाच. खाण्याचे तेल, तूप किंवा गोंद अंगाला लागल्यास साध्या पाण्याने काहीच साधत नाही. पक्ष्याला मऊ कापडात गुंडाळून जास्तीचे तेल टिपावे, त्याला उबेत ठेवावे आणि तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. साबणाचा वापर योग्य ठरतो तो याच एका प्रसंगी, आणि तोही पशुवैद्याच्या हातून.

नियमित अंघोळ आणि चांगला आहार असूनही पिसे सुधारत नसतील तर दोष पाण्यात नाही. बजरीगरच्या चोचीभोवती आणि पायांवर मधमाशांच्या पोळ्यासारखे खरखरीत पांढुरके थर दिसणे हे किडीचे लक्षण आहे आणि त्यावर औषधच लागते. लहान वयात उडण्याची आणि शेपटीची मोठी पिसे एकदम गळणे विषाणूजन्य असू शकते, तेव्हा तो पक्षी इतरांपासून वेगळा ठेवावा. पिसांवर आडव्या फिकट रेघा दिसल्या तर ते पीस उगवत असताना पक्षी आजारी, उपाशी किंवा घाबरलेला होता असे समजावे. डोके सोडून बाकी अंगाची पिसे उपटलेली असतील तर पक्षी ती स्वतः उपटतो आहे, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही.

शहरात पक्ष्यांची चांगली जाण असलेले पशुवैद्य कमी आहेत. सुमारे २५ किलोमीटरवर महूला १९५५ साली स्थापन झालेले शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे पाळीव पक्ष्यांची तपासणी कोणत्या वारी आणि किती वाजता होते हे आधी विचारून निघावे. जाताना पक्ष्याला त्या दिवशी अंघोळ देऊ नये, लहान पिंजरा तीन बाजूंनी कापडाने झाकावा, आणि गळालेली पिसे कागदाच्या पाकिटात व तळावरचा ताज्या विष्ठेचा कागद तसाच गुंडाळून सोबत न्यावा.